क्षमा, समेट आणि नांदणं: मोडत आलेला ख्रिस्ती संसार कसा हाताळावा

आमच्याकडं कोल्हापुरात ख्रिस्ती घरात नवरा-बायकोचं बिनसलं की वकिलाच्या आधी पाळकसाहेबांना फोन जातो. संध्याकाळी दोन-तीन पंच आणि महिला मंडळातली एखादी बाई घरी जाते. चहा होतो, शास्त्रपाठ होतो, प्रार्थना होते आणि "आता नीट नांदा" असं सांगून सगळे उठतात. महिला मंडळातली ती बाई म्हणून मी सतरा वर्षं अशा घरांत जात आले आहे.

त्यातली एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. एप्रिलचा उकाडा होता, पंखा गरम वारा टाकत होता आणि त्या बहिणीनं पूर्ण बाह्यांचं स्वेटर घातलं होतं. मी ते बघितलं. विचारलं नाही. आम्ही प्रार्थना केली, तिला नवऱ्याच्या हातात हात द्यायला लावला आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी ती मनगट मोडून दवाखान्यात होती. त्यानंतर मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला. तो इथं लिहिते आहे, नवरा-बायकोंसाठी आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीही.

आधी तीन शब्द वेगळे करा

क्षमा, समेट आणि नांदणं हे तीन शब्द आपण एकाच दमात बोलतो आणि तिथंच घोटाळा होतो. क्षमा एकट्यानं करता येते. समोरचा बदलला नाही, माफी मागायला आला नाही, तरी आपण देवासमोर त्याचा हिशेब सोडून देऊ शकतो. समेटाला दोघं लागतात: एकानं केलेलं कबूल करायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकून घ्यायचं. नांदणं म्हणजे पुन्हा एका छपराखाली रोजचं जगणं. त्याला विश्वास लागतो आणि विश्वास दिवसांवर मोजूनच येतो.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या, भावांनीच विकलेल्या योसेफाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकलो. भावांना बघून तो रडला, पण लगेच गळ्यात पडला नाही. त्यानं त्यांना धान्य दिलं, परत पाठवलं, धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवायला लावला आणि पाहिलं, की ज्या भावांनी एकाला विकलं ते दुसऱ्यालाही सोडून जातात का. त्यांच्यातला यहूदा "याच्याऐवजी मला ठेवून घ्या" म्हणाला तेव्हाच योसेफानं ओळख दिली. मला ही समेटाची सगळ्यात व्यवहारी शिकवण वाटते. कुणी "वचनात क्षमा करायला सांगितलंय, मग परत का जात नाहीस?" असं म्हणालं, तर ही गोष्ट सांगा.

आणि "नांदायला पाठवणं" हा शब्द आपण फक्त सुनेसाठी वापरतो. नवऱ्यालाही नांदावं लागतं. इफिसकरांस पत्रातलं अधीनतेचं वचन वाचणाऱ्यांनी त्याच्या आधीचं, एकमेकांच्या अधीन राहण्याचं वचन आणि पुढचं, नवऱ्यानं ख्रिस्तासारखी स्वतःला देऊन प्रीती करण्याचं वचनही त्याच बैठकीत वाचावं.

पहिली पायरी: जीवाला धोका आहे का?

हे बाईला एकटीला विचारायचं. सासू, आई, नवरा, पाळक, कुणीही समोर नको. "त्रास आहे का?" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं. म्हणून नेमकं विचारा. हात उचललाय का? गळा दाबलाय का? दार बाहेरून लावून घेतलंय का? पैसे, फोन, आधार कार्ड कुणाच्या ताब्यात आहे? मुलांसमोर काय होतं? गळा दाबल्याचं उत्तर "हो" असेल, तर त्या रात्री तिला त्या घरात ठेवू नका.

मारहाण होत असेल तर समेटाची बैठक घ्यायचीच नाही. दोघांना समोरासमोर बसवलं की ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर रात्री त्याची किंमत मोजते. तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. दवाखान्यात गेल्यावर "जिन्यावरून पडले" म्हणू नका, जे झालं तेच कागदावर येऊ द्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम हे सगळं त्यात मागता येतं, आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, पुष्कळ बायका "मला सोडचिठ्ठी नकोय, फक्त मार थांबायला हवा" म्हणतात. त्यांच्यासाठी हा कायदा आहे.

पोलिसांत गेल्यानं मंडळीची बदनामी होते, हे वाक्य मी अजून ऐकते. बदनामी मारणाऱ्यानं केलेली असते.

दुसरी पायरी: शास्त्र सबंध वाचा, एक वचन उचलू नका

देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाच्या कागदाचा, तिटकारा आहे हे मलाखीतलं वचन (2:16) सगळ्यांना पाठ असतं. त्याच वचनात पुढं, माणूस जुलमानं आपलं वस्त्र झाकतो त्याचाही तिटकारा असल्याचं म्हटलंय. तिथंपर्यंत फार थोडे जण वाचतात.

अनुवादाच्या 24 व्या अध्यायात मोशेनं सूटपत्राचा नियम घातला. बाईच्या हातात कागद असावा, नुसतं हाकलून देता येऊ नये, हाही त्याचा उपयोग होता. येशूच्या काळी हिल्लेल आणि शम्मय या यहुदी गुरूंच्या शिष्यांत यावरून वाद होता. एक पक्ष म्हणे, कोणत्याही कारणावरून बायको सोडता येते. दुसरा म्हणे, फक्त निर्लज्ज वर्तनावरून. मत्तय 19 मध्ये परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, येशूला याच वादात ओढायला आले होते. येशूनं त्यांना मागं, उत्पत्तीकडं नेलं: दोघं एकदेह झाली आहेत, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. मोशेची परवानगी तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळं होती, असं सांगून त्यानं व्यभिचाराचा अपवाद नोंदवला. मार्क आणि लूकमध्ये तो अपवाद येत नाही, म्हणून मंडळ्यांमध्ये मतभेद राहिले.

प्रेषित पौल 1 करिंथ 7 मध्ये दोन गोष्टी सांगतो. पत्नी वेगळी झालीच तर तिनं तसंच राहावं किंवा पतीशी समेट करावा. म्हणजे वेगळं राहण्याची वेळ येऊ शकते हे त्यानं धरलेलं आहे. आणि विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर जाऊ द्यावं, अशा प्रसंगी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही.

आता आपल्या गावाचं. कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आले आणि इथलं काम पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. शहरातल्या, कोडोलीतल्या पुष्कळ घरांची मुळं त्यात आहेत. त्या परंपरेच्या 17 व्या शतकातल्या विश्वासकबुलीत व्यभिचार आणि कशानंही भरून न येणारा, जाणूनबुजून केलेला त्याग ही घटस्फोटाची कारणं मानली आहेत. कॅथलिक कुटुंबांचं वेगळं. त्यांच्या शिकवणीत नीट झालेलं संस्काररूप लग्न मरेपर्यंत तुटत नाही. मात्र ते लग्न मुळातच वैध झालं होतं का, हे चर्चचं न्यायासन तपासू शकतं. त्यासाठी आपल्या फादरांकडून सुरुवात करावी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही पद्धत बरीच सोपी केली.

मारहाणीबद्दल शास्त्रात थेट कलम नाही, असं म्हणणारे भेटतील. निर्गम 21:10-11 मध्ये अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क न देणाऱ्या धन्याकडून दासीलाही मोकळं होता येतं. बायकोला दासीहून कमी हक्क असतील असं मला वाटत नाही. हे माझं मत आहे. आपल्या पाळकांशी बसून बोला.

तिसरी पायरी: समेटाचं काम

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक घरांत धोका नसतो. कंटाळा असतो, कर्ज असतं, दारू असते, सासर-माहेर असतं, कधी बाहेरचं नातं असतं. असे संसार वाचतात. मी वाचलेले बघितले आहेत.

मत्तय 18 मधला क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि शेवटी मंडळी. आपल्याकडं हे उलटं होतं. आधी प्रार्थना सभेत "या कुटुंबासाठी प्रार्थना करा" म्हणून सगळ्या गावाला कळतं आणि मग दोघं एकमेकांशी बोलतात. मध्यस्थ दोनच असावेत, एक पुरुष, एक बाई, दोघांपैकी कुणाचेही नातेवाईक नसलेले आणि तोंडाचे घट्ट. पहिल्या भेटी वेगवेगळ्या घ्या. एकत्र बसल्यावर एक जण बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये पडायचं नाही. ऐकून झालं की आधी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं.

शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा एक भाऊ आठवतो. मोबाईलवर रमी खेळायचा, कर्जाच्या ॲपांत अडकला होता, बायकोच्या दोन पाटल्या गहाण टाकल्या होत्या. तिनं क्रॉसचं मंगळसूत्र काढून रुमालात गुंडाळलं होतं आणि बायबलच्या चेनच्या कव्हरात ठेवलं होतं. तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." ती खाली बघूनच म्हणाली, "ते 'असेल तर' काढा आधी."

त्या बाईनं मला कबुली म्हणजे काय ते शिकवलं. पुढच्या आठवड्यात तो वहीचा कागद घेऊन आला. कोणतं ॲप, किती रक्कम, कोणत्या तारखेला, पाटल्या कुठल्या सराफाकडं. मोबाईल उघडून टेबलावर ठेवला. वाचताना त्याचा आवाज दोनदा अडकला. तिनं क्षमा केली ती त्या दिवशी, पण माहेराहून आली नऊ महिन्यांनी. मधल्या काळात पगार तिच्या खात्यात येत होता, हप्त्यांचा कागद दर महिन्याला आम्ही चौघं बघत होतो आणि तो दर शनिवारी मुलीला भेटायला बावड्याला जात होता. पाटल्या सोडवून आणल्या त्या दिवशीही ती लगेच निघाली नाही. तिला ज्या दिवशी झोप नीट लागली, त्या दिवशी निघाली. असं तीच मला म्हणाली.

तर कबुली नेमकी हवी, "पण तूही" हे शब्द न लावता. भरपाई हवी, लूकमधल्या जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत देईन म्हटलं होतं. दारू असेल तर उपचार आणि ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) सभा, नुसती शपथ चालत नाही. बाहेरचं नातं असेल तर ते पूर्ण बंद, नंबर काढून टाकलेला, गरज पडली तर नोकरीची जागा बदललेली. फसवल्या गेलेल्या जोडीदाराला तेच तेच प्रश्न पुन्हा विचारू द्या. "किती वेळा उकरून काढणार?" असं मध्यस्थानं म्हणू नये. जखम झालेल्यालाच ती किती दुखते ते कळतं.

किती दिवस वाट बघावी? मी सहा महिने धरते. तेवढ्यात वागण्यात काहीच हललं नाही, तर बैठका वाढवून उपयोग होत नाही.

चौथी पायरी: वेगळं राहायचं असेल तर लिहून राहा

भांडून माहेरी जाणं आणि ठरवून वेगळं राहणं यात मोठा फरक आहे. कागदावर लिहा: किती महिने, खर्चाला किती रुपये आणि कोणत्या तारखेला, मुलं कधी कुणाकडं, पुढची बैठक कधी. दोघांच्या सह्या, मध्यस्थांच्या सह्या. वेगळं राहायला लागल्याची तारीख जपून ठेवा, पुढं कायद्यात तिला अर्थ असतो.

ज्यांच्या मनाला घटस्फोट पटत नाही पण एकत्र राहणंही शक्य नाही, त्यांच्यासाठी न्यायिक विभक्तीची वाट आहे. व्यभिचार, क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग या कारणांवर न्यायालय ती देतं. लग्न कायम राहतं, एकत्र राहण्याचं बंधन उठतं, आणि पुढं समेट झाला तर दार उघडं असतं. पौलानं सांगितलेल्या स्थितीला ही वाट अगदी जवळ आहे, तरी आपल्या लोकांना तिची माहितीच नसते.

पाचवी पायरी: कायदा

ख्रिस्ती रीतीनं झालेल्या लग्नाला 1869 चा घटस्फोट कायदा लागतो. 2001 च्या दुरुस्तीपूर्वी त्यात बाईवर उघड अन्याय होता: नवऱ्याला नुसता व्यभिचार दाखवून सुटता येई, बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्यागासारखं आणखी एक कारण सिद्ध करावं लागे. दुरुस्तीनंतर दोघांना सारखीच कारणं आहेत: व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, सात वर्षं ठावठिकाणा नसणं, ठरावीक आजार वगैरे. बायकोला याशिवाय आणखी काही कारणं आहेत. व्यभिचाराचा आरोप करायचा तर त्या तिसऱ्या माणसालाही सहप्रतिवादी करावं लागतं, न्यायालयानं सूट दिली तरच सुटका. तेव्हा संशयावर नाव लिहू नका.

परस्परसंमतीसाठी कलम 10-अ आहे. कायद्याच्या शब्दांत दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, मग अठरा महिन्यांच्या आत दोघांनी येऊन पुन्हा संमती सांगायची. केरळ उच्च न्यायालयानं 2010 मध्ये दोन वर्षांऐवजी एक वर्ष धरावं असं म्हटलं. आपल्या न्यायालयात काय धरतात ते अर्ज लिहिण्याआधी वकिलाला विचारा. ते सहा महिने वाया घालवू नका. त्या काळात परत एकत्र आलेलं एक जोडपं आमच्या मंडळीत आहे.

लग्न चर्चमध्ये न होता विशेष विवाह कायद्यानं झालं असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्यानं. लग्न हिंदू रीतीनं झालं आणि विश्वास नंतर स्वीकारला, असंही आपल्याकडं होतं. तेव्हा कोणता कायदा लागेल ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या.

एक चूक फार महागात पडते. पंचांनी कागद करून दिला, सोडचिठ्ठी लिहून घेतली किंवा चर्चच्या न्यायासनानं लग्न रद्दबातल ठरवलं, म्हणून कायद्यानं लग्न संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. दिवाणी हुकूमनाम्याशिवाय दुसरं लग्न केलं तर ते द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा ठरू शकतं.

वकिलाकडं जाताना चर्चच्या नोंदवहीतला लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दोघांच्या उत्पन्नाचे कागद, दवाखान्याचे आणि बँकेचे कागद, आणि तारखांची वही न्या. वही साधी ठेवा: काय झालं, कधी, कोण हजर होतं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. दावा चालू असताना बायकोला घटस्फोट कायद्याच्या कलम 36 खाली अंतरिम पोटगी मागता येते. शिवाय आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 खाली, वेगळा पोटगीचा अर्ज करता येतो.

कौटुंबिक न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याचं बंधनच आहे. तिथले विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात. त्या खोलीत वकिलानं पढवलेलं बोलू नका, मनातलं बोला. अपिलाची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. पूर्वी त्यासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठावी लागायची.

मुलं

मुलांना दोघांनी मिळून, एकाच वेळी सांगा. यात तुमची काही चूक नाही, हे शब्द मोठ्यानं म्हणा. मुलं ते मनातून गृहीत धरत नाहीत. "पप्पांना सांग फी भरायला" असे निरोप मुलांकडून पाठवू नका. नाताळ, वाढदिवस आणि मे महिन्याची सुट्टी आधीच वाटून घ्या. भांडणं याच दिवसांवर होतात.

रविवार सकाळ

दोघंही एकाच मंडळीचे असले की खरा प्रश्न इथं येतो आणि यावर कुणी बोलत नाही. कोण कुठं बसणार? कुणाची गायनमंडळातली जागा जाणार? माझा अनुभव असा, की जागा नेहमी बाईचीच जाते. पाळकांनी दोघांशी आधी बोलून ठरवावं: शहरात दोन उपासना असतील तर एकानं एक धरावी, नसतील तर बसण्याची बाजू ठरवावी. ज्याच्याविरुद्ध मारहाणीवरून संरक्षणाचा आदेश आहे त्यानं दुसऱ्या मंडळीत जावं.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याबद्दल, आपल्या मंडळीचा नियम पाळकांकडून स्पष्ट ऐका, कुजबुजीवर जाऊ नका. कॅथलिकांमध्येही नुसता दिवाणी घटस्फोट झाला आणि पुनर्विवाह केला नाही, तर तेवढ्यावरून ख्रिस्तप्रसाद (त्यांच्याकडचं प्रभुभोजन) बंद होत नाही. कित्येक बहिणी वर्षानुवर्षं गैरसमजानं मागच्या बाकावर बसून राहिलेल्या असतात.

पुनर्विवाहाचा विचार आला तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्या, अपिलाची मुदत संपू द्या, किंवा अपील झालं असेल तर त्याचा निकाल येऊ द्या, आणि मगच पाळकांकडं जा. काही पाळक लावतात, काही लावत नाहीत. एखाद्यानं नकार दिला तर तो त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, त्याच्याशी भांडू नका. स्वतःला मात्र वेळ द्या.

स्वेटर घातलेली ती बहीण आता कदमवाडीला दोन खोल्यांत राहते, शिलाईची मशीन चालवते. तिनं क्षमा केली आहे असं ती म्हणते. परत गेलेली नाही. आमच्या गायनमंडळात अल्टो गाणाऱ्यांच्या रांगेत तिची खुर्ची पहिली आहे, आणि महिन्यातून एकदा मी तिच्याकडं जाते तेव्हा दार लावल्यावर आधी प्रश्न विचारते, प्रार्थना नंतर करते.